मद्रासची लाट आणि शिवलेली होडी

जुलैत कोकणातली माणसं लाटा बघायला किनाऱ्यावर जातात, लाटांवर जायला नाही. जून-जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, जाळी घरात, समुद्र चहाच्या रंगाचा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत दर्याच्या वाटेला जायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

मी सर्फिंगचे पहिले धडे गिरवले ते गोव्यात, आश्वेंच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यात. तिथली हिवाळी लाट इतकी सभ्य की बोर्डवरून पडलं तरी गुडघाभर पाण्यातच. मोठी लाट आपल्याकडे पावसाळ्यात येते, पण तेव्हा वारा समुद्राकडून सुटलेला असतो. तो लाटेला मागून ढकलतो, विस्कटतो, आणि सगळा नुसता फेस होतो. शिकवणारा मुलगा म्हणाला, "जुलैत पूर्वेला जा."

हे गणित मला तोवर माहीत नव्हतं. आपल्याला झोडपणारा तोच नैऋत्य मोसमी वारा सह्याद्रीवर पाऊस टाकून, हलका होऊन पलीकडे उतरतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तो पोचतो तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, विशेषतः सकाळी. समोरून लाट येते, तिला तोंडावर हा वारा मिळतो, त्यामुळे ती लगेच कोसळत नाही, उभी राहते. आणि ती लाट जन्मलेली असते खाली, दक्षिण हिंदी महासागराच्या वादळी पट्ट्यात, हजारो किलोमीटर दूर. आपला समुद्र बंद असतो तेव्हा त्यांचा खुला असतो. त्यांची मासेमारीबंदी १५ एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे तोवर संपलेली.

म्हणून मी एकटी रेल्वेने चेन्नईला गेले, एक मोटरसायकल भाड्याने घेतली आणि ईस्ट कोस्ट रोडला लागायचं ठरवलं. बेत एका ओळीचा होता : समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, आणि जिथे लाट तिथे मुक्काम.

तयारी म्हणून दोन गोष्टी केल्या होत्या. एक, लाटांचे अंदाज सांगणारं ॲप घेतलं. दुसरी, 'सर्फ' हा शब्द कुठून आला ते शोधलं. मला वाटलं होतं हवाई बेटांकडे जाईन. पण इंग्रजी शब्दकोश मला भारतातच घेऊन आले. या शब्दाचा उगम अस्पष्ट आहे, पण सतराव्या शतकातल्या इंग्रजीत तो पहिल्यांदा वापरलेला दिसतो तो भारताच्या किनाऱ्याबद्दल लिहिताना. तो एखाद्या भारतीय भाषेतून उचलला असावा, अशीही शंका शब्दकोश नोंदवतात. 'कॅटामरान'बद्दल मात्र शंका नाही. तो तमिळ 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेलं लाकूड. ओंडके दोरीने एकत्र बांधायचे, वर गुडघे टेकून बसायचं आणि वल्हवायचं. परत येताना लाट धरून थेट वाळूवर. याला आज आपण काय म्हणतो?

*

चेन्नईत एक रेल्वे स्टेशन आहे. नाव 'चेन्नई बीच'. तिथे उतरलात तर बीच दिसणार नाही. रस्त्यापलीकडे बंदराची भिंत, क्रेन, कंटेनर. शेजारच्या राजाजी सालै या रस्त्याचं जुनं नाव 'फर्स्ट लाइन बीच'. कारण एकेकाळी समुद्राच्या समोरची इमारतींची पहिली रांग हीच होती आणि तिच्यासमोर लाट फुटत होती.

कोकणच्या माणसाला या किनाऱ्याकडे बघून पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे खाडी कुठे आहे? आपला किनारा दातेरी. दर काही मैलांवर खाडी, आत शिरलं की पाणी शांत. बंदरं सगळी आत. कोरोमंडल किनारा म्हणजे पट्टीने आखलेली रेघ. नद्या आहेत, पण त्यांची मुखं वाळूने बुजलेली. जहाजाने थांबायचं कुठे? तर उघड्या समुद्रात. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये मद्रासची जागा घेतली ती स्वस्त कापडाच्या लोभाने. बंदर असं तिथे काहीच नव्हतं. आपल्याला जरा अंतर्मुख करणारी गोष्ट अशी की मे १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयावर निघालेले शिवाजी महाराज मद्रासपासून जवळच होते. त्यांनी इंग्रजांकडे माणूस पाठवून काही औषधं आणि विषावरचे उतारे मागवले, आणि ते कंपनीने निमूट भेटीदाखल पाठवले. कंपनीच्या दप्तरात ही नोंद आहे. पश्चिमेला सिंधुदुर्ग बांधणाऱ्या राजाने हा बिनखाडीचा किनारा पाहिला असता तर काय म्हटलं असतं, याचा विचार मी मरिनावर भेळेसारखं काहीतरी खात बराच वेळ केला.

तर जहाज मैलभर किंवा त्याहून दूर नांगर टाकायचं. मध्ये लाटांच्या दोन-तीन रांगा. कारण किनाऱ्याला समांतर वाळूचे बांध पाण्याखाली असतात. लाटेचा तळ बांधाला घासून मंदावतो, माथा तसाच पुढे धावतो आणि कोसळतो. मग पुढचा बांध, पुन्हा तेच. युरोपातून आलेल्या ओक लाकडाच्या, खिळे ठोकलेल्या मजबूत होड्या इथे खिळखिळ्या व्हायच्या. मजबूत होत्या म्हणूनच व्हायच्या.

इथल्या लोकांची होडी मजबूत नव्हती, लवचीक होती. तिला इंग्रज 'मसुला' म्हणत. आंब्याच्या पातळ फळ्या, एकीला दुसरी काथ्याच्या दोरीने शिवलेली, शिवणीत पेंढा किंवा काथ्या भरलेला. एकही खिळा नाही, आतून सांगाडा नाही. लाट आदळली की होडी अंग चोरायची, वाकायची, पुन्हा सरळ व्हायची. सुंभाचा पीळ म्हणतात तो असा उपयोगी पडत होता. पाणी आत यायचंच. ते उपसायला एक माणूस. दहा-बारा वल्हेकरी, मागे उभा तांडेल. तांडेल लाटा मोजायचा. मोठ्या लाटांचा घोळका जाऊ द्यायचा, मग ओरडायचा, आणि सगळे जीव खाऊन वल्ही मारायचे.

मद्रासमधली प्रत्येक गोष्ट या होड्यांतून आली आणि गेली. गव्हर्नर, सोन्याची नाणी, दारूची पिंपं, घोडे, पियानो, लग्नाळू मुली, कापडाचे गठ्ठे. बाहेर जाणारा माल तर त्याहून जास्त. दोनशेहून अधिक वर्षं एका साम्राज्याचा महत्त्वाचा दरवाजा म्हणजे काथ्याने शिवलेल्या फळ्या आणि पट्टिणवर मच्छीमारांचे दंड. समुद्र फारच खवळला तर किनाऱ्यावरून निशाण लावून जहाजांना कळवायचे की आज दरवाजा बंद.

ज्युलिया मेटलँड नावाची इंग्रज बाई १८३६ च्या अखेरीस मद्रासला आली. तिची पत्रं पुढे १८४३ मध्ये नाव न देता छापली गेली. अशा प्रवासवर्णनांत उतरण्याचा प्रसंग ठरलेला असतो : भीती, ओलेचिंब कपडे, 'अर्धनग्न' खलाशी, त्यांचं ओरडण्यासारखं गाणं. आणखी एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, की हे लोक ऐन लाटांच्या मध्ये वल्ही थांबवून बक्षीस मागतात. ही तक्रार मी इतक्या ठिकाणी वाचली की शेवटी मला खलाशांची बाजू घ्यावीशी वाटायला लागली. होड्यांवर कंपनीच्या खात्याचं नियंत्रण, भाडं ठरवून दिलेलं. घासाघीस करायची जागा एकच उरली होती, दुसरी लाट आणि तिसरी लाट यांच्या मधली. पाऊस आला की कॅबचे दर दुप्पट होतात त्याला आपण आज इंग्रजी नाव देऊन गप्प बसतो.

मसुला होडीबरोबर दोन-तीन कट्टुमरम जायचे. होडी उलटलीच तर माणसं उचलायला. गोऱ्या माणसाचा जीव वाचवणाऱ्यांना सरकार पदक द्यायचं. ते गळ्यात घालून लोक पुन्हा कामावर जायचे. या पदकांचा उल्लेख प्रवासवर्णनांत कौतुकाने येतो. नावं येत नाहीत. तांडेल, बोटमन, कॅटामरान-मॅन. दोनशे वर्षांत लाटेची भीती वाटलेल्या बऱ्याच माणसांची नावं आपल्याला माहीत आहेत. लाट कळलेल्यांची जवळपास नाहीत.

मग दरवाजा बदलायचं ठरलं. आधी १८६० च्या दशकात एक लोखंडी धक्का लाटांच्या पलीकडे नेला, त्याला वादळांनी आणि जहाजांनी धक्के दिले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बंदराची कोनशिला बसली. समुद्रात दोन दगडी हात पसरून आत शांत पाणी कोंडायचं, म्हणजे कृत्रिम खाडीच. १८८१ च्या नोव्हेंबरात वादळाने ते हात मोडले. पुन्हा बांधले. शतक संपायच्या आत बंदर उभं राहिलं आणि मसुला होड्यांचा मुख्य धंदा गेला. उरल्या त्या आपल्या रापणीसारखी किनाऱ्यावरून ओढायची जाळी टाकायला.

पण त्या दगडी हातांनी आणखी एक गोष्ट केली. या किनाऱ्यावर लाटा वर्षाचा मोठा काळ दक्षिणेकडून तिरक्या येतात आणि वाळू उत्तरेकडे सरकवत राहतात. किनारा म्हणजे वाळूची अत्यंत संथ नदीच. ती नदी बंदराने अडवली. दक्षिणेला वाळू साठत गेली, आणि त्या नव्या वाळूकाठच्या सडकेला १८८४ मध्ये गव्हर्नर ग्रँट डफने 'मरिना' हे इटालियन नाव दिलं. चेन्नईचा सगळ्यात प्रसिद्ध समुद्रकिनारा, जिथे मी ते भेळेसारखं काहीतरी खाल्लं, त्याची रुंदी ही बंदराची चूक आहे. त्याची किंमत उत्तरेला वसूल झाली. रोयापुरमच्या पुढे, जिथे मच्छीमारांच्या वस्त्या, तिथला किनारा समुद्राने खाल्ला. आज तिथे दगडांची भिंत आहे. मोटरसायकलवर अर्ध्या तासात दोन्ही बघता येतात. मी उलट्या क्रमाने बघितले, आधी भिंत, मग मरिना.

*

कोवळम चेन्नईपासून तासाभरावर. केरळातलं नव्हे, हे तमिळनाडूचं. इंग्रज याला 'कोवलाँग' म्हणायचे. इथे आर्काटच्या नवाबाचा किल्ला होता. १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने तो घेतला आणि पाडून टाकला. आज त्या बाजूला मोठं हॉटेल आहे आणि त्याच्या अलीकडे मच्छीमारांची वस्ती, मशीद, चर्च, वाळूवर फायबरच्या होड्या. कट्टुमरम एखाददुसरा. २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या आणि बांधलेलं लाकूड मागे पडलं.

याच गावातले मच्छीमार मूर्ती मेगवन यांनी २०१२ मध्ये इथे सर्फ शाळा सुरू केली. शिकवणारे गावातलेच, मच्छीमार घरांतले. भारतातल्या सर्फिंगची गोष्ट सांगताना आपण परदेशी पाहुणे आणि बोर्ड इथून सुरुवात करतो. मला वाटतं बोर्ड बाहेरून आला, एवढंच. लाटेची ओळख आधीपासूनची होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या महाबलिपुरमला वर्ल्ड सर्फ लीगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय सर्फर म्हणून उतरलेल्यांत या किनाऱ्याच्या मुलांची संख्या बघण्यासारखी होती.

मला शिकवायला आलेले अण्णा पस्तिशीचे असतील. ते मला अक्का म्हणत होते, मी त्यांना अण्णा. मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी, आणि एक तमिळ शब्द त्यांनी पहिल्याच मिनिटाला शिकवला : अलै. लाट. ते वाळूवर उकिडवे बसले आणि दहा मिनिटं काहीच केलं नाही. मी ॲप उघडलं. ॲपमध्ये लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याची दिशा, सगळं होतं. अण्णा फेस कुठल्या बाजूला वाहतोय ते बघत होते. मग म्हणाले, इथून नको, तिथून. शंभर पावलं उत्तरेला.

पहिल्या चार लाटा गेल्या. पाचवीला मी उभी राहिले. गोव्यात उभी राहिले होते तेव्हा लाटेने मला सहन केलं होतं. इथे तिने उचललं. दोन-तीन सेकंद पायाखाली जे काही होतं ते पाणी नव्हतं, जनावर होतं. सहाव्या लाटेला बोर्डचं नाक खाली खुपसलं गेलं आणि मी आत गेले. वर-खाली कळेना. घोट्याला बांधलेली दोरी ताणली, सैल झाली, परत ताणली. डोकं वर काढलं तर पुढची लाट तोंडावर. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा दंडाला हात होता. अण्णांनी मला त्यांच्या बोर्डवर आडवं ओढून घेतलं, पोत्यासारखं, आणि त्या लाटेवरच आम्ही दोघं वाळूला लागलो.

खोकला थांबल्यावर मला काय आठवावं? ती पदकं. मी फोन वॉटरप्रूफ पिशवीतून काढून त्यांना जुनं एक चित्र दाखवलं, लाटेच्या माथ्यावर चढलेली मसुला होडी, आत टोप्या सांभाळणारे साहेब, बाजूला ओंडक्यांवर गुडघे टेकलेली माणसं. अण्णांनी चित्र मोठं केलं. साहेबांकडे बघितलंच नाही. मागच्या तांडेलाच्या पायांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सही खडा है." मग स्वतः वाळूवर तसे उभे राहून दाखवलं. एक पाय मागे, गुडघे सैल. सकाळपासून मला तेच शिकवत होते.

*

महाबलिपुरमच्या शोअर टेंपलजवळ, आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या पल्लव देवळाच्या सावलीत लाट फुटते. देवळाला समुद्राने खाऊ नये म्हणून टाकलेल्या दगडांच्या बाजूला मुलं सर्फ करत होती. मी दोन दिवस राहिले. लाट उत्तम. त्याहून जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही.

पुदुच्चेरीत चेन्नईचीच गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा. १९८० च्या दशकात दक्षिणेला नवं बंदर बांधलं, वाळूची नदी पुन्हा अडली आणि शहरासमोरचा किनारा काही वर्षांत नाहीसा झाला. समुद्रकाठची ती सुंदर फ्रेंच सडक उरली, तिच्यापुढे काळे दगड. अलीकडे पाण्याखाली एक कृत्रिम बांध घालून थोडी वाळू परत मिळवली आहे. तिथे लोक सेल्फी काढतात. उत्तरेकडच्या मच्छीमार गावांना मात्र दगडच मिळाले. एक नवा बांध म्हणजे कुणाच्या तरी दारातली वाळू जाणं, हे या किनाऱ्याने दोनदा सिद्ध केलं आहे, आणि लाटही वाळूवरच उभी असते. तळाचे बांध सरकले की तीही मोडते. कोवळमची लाट अजून किती वर्षं तिथे असेल हे पुढचा बांध कुठे घालतात त्यावर आहे.

पुढे तरंगंबाडी. गाणाऱ्या लाटांचं गाव असा अर्थ सांगतात, आणि त्यातला तरंग आपल्यालाही कळतो. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ही जागा डॅनिश लोकांना दिली. त्यांचा पिवळसर किल्ला अजून समुद्रासमोर आहे. शेजारचं चौदाव्या शतकातलं मासिलामणिनाथर देऊळ समुद्राने बरंच खाल्लं आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी १७५० मध्ये या किनाऱ्यावर उतरून इथल्या मिशनमध्ये आला. उतरताना तोही शिवलेल्या होडीतूनच आला असणार, दुसरा मार्ग नव्हता. हाच श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दत्तक मुलाचा पालक आणि शिक्षक झाला. तो मुलगा म्हणजे सरफोजी राजे दुसरे. सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारे, बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा अवाढव्य मराठी शिलालेख कोरून घेणारे.

नागपट्टिणममध्ये मी लाट शोधली नाही. या एका जिल्ह्यात त्सुनामीने सहा हजारांहून अधिक माणसं नेली. मी चहा घेतला आणि निघाले.

वेदारण्यमच्या खाली, कोडियक्करैला किनारा एकदम काटकोनात पश्चिमेला वळतो. इथून पुढे पाल्कचा उपसागर. समोर श्रीलंका आडवी आलेली, पाणी उथळ. दक्षिण महासागरातून निघालेली लाट इथवर पोचतच नाही. मला हे नकाशावरून माहीत होतं, तरी गेले, कारण तिथे मनोरा आहे. तंजावरच्या राजाची समुद्रावरची इमारत बघितल्याशिवाय मराठी माणसाने परत यावं हे बरोबर वाटेना.

मनोरा आठ मजली, षटकोनी, भोवती खंदक. सरफोजी राजांनी तो १८१४ च्या सुमारास बांधला, इंग्रजांनी नेपोलियनला हरवल्याच्या आनंदात. त्याच इंग्रजांनी १७९९ मध्ये त्यांच्याकडून राज्याचा कारभार काढून घेतला होता. आनंद खरा होता की सोयीचा, हे इमारत सांगत नाही. मला ती आवडली. गुलाबीसर, जराशी चिनी पॅगोडासारखी, अगदी एकटी.

पुढे जाऊन पाण्याशी उभी राहिले. समुद्र तळ्यासारखा. होड्या काठाला बांधलेल्या, हलतसुद्धा नव्हत्या. इथे उतरणाऱ्याला तांडेल लागला नसता, पदकही कुणाला मिळालं नसतं. एक म्हातारे आजोबा जाळं विणत बसले होते. त्यांनी माझ्या मोटरसायकलकडे, तिच्यावर बांधलेल्या ओल्या कपड्यांकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. मला येणारा एकच शब्द मी वापरला.

"अलै?"

ते हसले. सुई धरलेला हात उचलून त्यांनी मी आले त्या दिशेला, उत्तरेकडे दाखवलं, आणि पुन्हा जाळ्यात बघायला लागले.